प्रसूतीपूर्वी बाळाला प्राणवायू कमी पडणे आणि बाळाच्या ठोक्यांची तपासणी: चेन्नईतील मराठी कुटुंबांसाठी माहिती

पोटातल्या बाळाला त्रास होत असेल तर त्याला तो सांगता येत नाही. त्याच्या हृदयाचे ठोके आणि त्याची हालचाल या दोनच गोष्टींवरून आपल्याला अंदाज येतो. हालचालीवर आईने लक्ष ठेवायचे असते आणि ठोके दवाखान्यात तपासले जातात. सरकारी रुग्णालयात ही तपासणी पूर्णपणे मोफत आहे. ती का करतात, किती वेळाने करतात, ठोके बिघडले तर पुढे काय होते आणि कोणत्या योजनेतून काय मिळते, याची माहिती या पानावर दिली आहे.

गलाईच्या व्यवसायानिमित्त सांगली जिल्ह्यातून आलेली, नोकरीसाठी आलेली किंवा पिढ्यान्‌पिढ्या तमिळनाडूत राहणारी, अशा सर्व मराठी कुटुंबांना ही माहिती उपयोगी पडेल.

थोडक्यात

- बाळाचे ठोके साधारणपणे मिनिटाला ११० ते १६० असतात.
- कळा नीट सुरू झाल्यावर ठोके दर १५ ते ३० मिनिटांनी आणि बाळ बाहेर येण्याच्या वेळी दर ५ मिनिटांनी तपासले जावेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.
- बाळाची हालचाल कमी वाटली तर सकाळची वाट पाहू नका. त्याच वेळी रुग्णालयात जा.
- सरकारी रुग्णालयातील तपासणी, प्रसूती, सिझेरियन, औषधे आणि रक्त यांसाठी पैसे द्यावे लागत नाहीत.
- रुग्णवाहिकेसाठी १०८ वर फोन करा.

बाळाला प्राणवायू कमी पडतो म्हणजे काय?

पोटात असताना बाळ स्वतः श्वास घेत नाही. आईच्या रक्तातला प्राणवायू वारेतून आणि नाळेतून बाळापर्यंत पोहोचतो. कळ आली की गर्भाशय आवळते आणि वारेकडे जाणारे रक्त थोडा वेळ कमी होते. कळ ओसरली की ते पुन्हा सुरू होते. निरोगी बाळ हे सहज सहन करते. दोन कळांच्या मधल्या वेळात ते पुन्हा सावरते.

हा मधला वेळ पुरला नाही, किंवा वार आणि नाळ यांचे काम आधीच बिघडलेले असेल, तर प्राणवायूचा तुटवडा पडू लागतो. तो जास्त वेळ राहिला तर बाळाच्या मेंदूला इजा होऊ शकते, बाळ दगावूही शकते.

पुढील परिस्थितीत हा धोका अधिक असतो:

- आईचा रक्तदाब वाढलेला असणे, पाय व चेहरा सुजणे, झटके येणे
- मधुमेह किंवा तीव्र रक्तक्षय
- बाळाची वाढ कमी असणे किंवा गर्भजल कमी असणे
- दिवस उलटून जाणे
- अंगावरून रक्त जाणे, वार वेळेआधी सुटणे
- पाणमोट फुटल्यावर नाळ खाली घसरणे
- बाळाने पोटातच शी करणे (गर्भजल हिरवट दिसते)
- कळा फार वेळ चालणे, किंवा कळा वाढवण्याच्या औषधामुळे त्या एकामागून एक येणे
- आधीचे सिझेरियन असणे आणि जुन्या टाक्यांवर ताण येणे
- आईला ताप किंवा जंतुसंसर्ग असणे

यातले काहीही लागू असेल तर प्रसूती कुठे करायची हे सातव्या महिन्यातच डॉक्टरांशी बोलून ठरवा. सिझेरियनची आणि नवजात बाळाच्या अतिदक्षता विभागाची सोय असलेले रुग्णालय निवडा.

ठोक्यांवरून काय कळते?

प्राणवायू कमी पडू लागला की बाळाचे शरीर आधी मेंदू आणि हृदय यांना रक्त पुरवते आणि इतर अवयवांचा पुरवठा कमी करते. हा बदल ठोक्यांच्या गतीत दिसतो. डॉक्टर आणि परिचारिका मुख्यतः चार गोष्टी पाहतात:

१. मूळ गती. कळ नसताना ठोके ११० ते १६० च्या दरम्यान आहेत का.

२. चढउतार. निरोगी बाळाचे ठोके घड्याळासारखे एकसारखे पडत नाहीत. त्यात सतत थोडा चढउतार असतो. तो दीर्घ काळ नाहीसा झाला तर काळजीचे कारण असते. मात्र बाळ झोपले असेल तेव्हाही तो काही वेळ कमी होतो.

३. वाढ. बाळ हलले की ठोके थोडा वेळ वाढतात. ही चांगली खूण आहे.

४. घट. कळेसोबत ठोके किंचित कमी होऊन लगेच पूर्ववत झाले तर बहुधा घाबरण्याचे कारण नसते. पण कळ ओसरू लागल्यावर ठोके उतरत असतील, उशिरा सावरत असतील आणि प्रत्येक कळेला असेच होत असेल, तर बाळाला प्राणवायू पुरत नसण्याची शक्यता असते.

म्हणूनच ठोके कळ संपल्यावर लगेच, किमान एक मिनिट ऐकले जातात. त्याच वेळी आईची नाडीही पाहिली जाते, म्हणजे आईचे ठोके बाळाचे समजून मोजले जात नाहीत.

तपासणीच्या पद्धती

*नळी (फीटोस्कोप).* पोटावर ठेवून कानाने ऐकण्याची ही साधी नळी आहे. तिला वीज लागत नाही. हाताला आणि कानाला सराव असेल तर ती आजही भरवशाची आहे.

*हातातले डॉपलर यंत्र.* पोटाला जेल लावून हे छोटे यंत्र ठेवतात. ठोक्यांचा आवाज आईलाही ऐकू येतो. बहुतेक यंत्रांवर आकडाही दिसतो.

*सीटीजी.* पोटावर दोन पट्टे बांधतात. एक पट्टा बाळाचे ठोके टिपतो, दुसरा कळा टिपतो. दोन्हींचा आलेख कागदावर उमटतो. कळा सुरू होण्यापूर्वी अशीच सुमारे २० मिनिटांची तपासणी केली तर तिला एनएसटी म्हणतात. यात सुई टोचत नाही, दुखत नाही आणि बाळाला अपाय होत नाही.

सर्वच गर्भवतींना सतत सीटीजी लावण्याची गरज नसते. धोका नसलेल्या प्रसूतीत ठराविक वेळाने ठोके ऐकणे पुरेसे मानले जाते. सतत यंत्र लावल्याने बाळांना येणारे झटके कमी होतात, पण सिझेरियनचे प्रमाण वाढते आणि सेरेब्रल पाल्सीचे प्रमाण कमी झालेले दिसत नाही, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित निष्कर्षातून दिसून आले आहे. त्यामुळे यंत्र लावले नाही म्हणजे दुर्लक्ष झाले, असे समजू नका. ठोके वेळेवर ऐकले जातात का आणि त्यांची नोंद होते का, हे महत्त्वाचे आहे.

वर सांगितलेल्या धोक्यांपैकी काही असेल, कळा वाढवण्याचे औषध सुरू असेल किंवा ऐकताना ठोके बिघडलेले आढळले, तर सतत सीटीजी लावले जाते.

ठोके बिघडले तर रुग्णालयात काय केले जाते?

- आईला डाव्या कुशीवर वळवले जाते. पाठीवर झोपल्याने मोठ्या रक्तवाहिनीवर दाब येतो, तो यामुळे कमी होतो.
- कळा वाढवण्याचे औषध बंद केले जाते.
- आईचा रक्तदाब कमी असेल तर सलाईन दिले जाते.
- आतून तपासणी करून नाळ खाली आली आहे का आणि गर्भाशयाचे तोंड किती उघडले आहे, हे पाहिले जाते.
- ठोके सावरले तर लक्ष ठेवून प्रसूती पुढे चालू दिली जाते.
- सावरले नाहीत तर बाळ लवकर बाहेर काढले जाते. गर्भाशयाचे तोंड पूर्ण उघडले असेल आणि डोके खाली आले असेल तर व्हॅक्यूम किंवा चिमट्याच्या मदतीने, नाहीतर सिझेरियनने.

अशा वेळी नातेवाइकांची सही घाईने मागितली जाते. गावाकडच्या वडीलधाऱ्यांना फोन करून विचारण्यात वेळ गेला तर तो बाळाच्या वाट्याचा वेळ असतो. तातडीचे सिझेरियन करावे लागले तर कोण निर्णय घेणार आणि कोण सोबत असणार, हे घरात आधीच बोलून ठेवा. आई शुद्धीवर असेल तर तिची स्वतःची संमती सर्वांत महत्त्वाची आहे.

जन्मानंतरच्या उपचारावर विसंबून का राहू नये?

प्राणवायू कमी पडलेल्या बाळाचे शरीर जन्मानंतर सहा तासांच्या आत थंड करायला सुरुवात करून ते ७२ तास थंड ठेवण्याचा उपचार श्रीमंत देशांत रूढ आहे. हाच उपचार आपल्याकडे किती उपयोगी पडतो, हे पाहण्यासाठी २०१५ ते २०१९ या काळात भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातील सात मोठ्या रुग्णालयांत ‘हेलिक्स’ नावाचा अभ्यास झाला. त्यात ४०८ बाळे होती. चेन्नईतील एग्मोरचे प्रसूती व स्त्रीरोग संस्थान आणि बालआरोग्य संस्थान, तसेच मुंबईतील सायनचे लोकमान्य टिळक महापालिका वैद्यकीय महाविद्यालय यांचा त्यात सहभाग होता.

२०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. थंड ठेवल्याने मृत्यू किंवा अपंगत्व कमी झाले नाही. थंड ठेवलेल्या गटात ४२ टक्के बाळे दगावली, तर नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात हे प्रमाण ३१ टक्के होते.

याचा अर्थ अशा बाळांवर उपचारच नसतात, असा नाही. श्वासाला आधार, झटक्यांवर औषध, रक्तातील साखर आणि तापमान सांभाळणे या उपचारांनी अनेक बाळे वाचतात. कोणता उपचार द्यायचा, हे बालरोगतज्ज्ञ ठरवतात. मात्र झालेली इजा नंतर पूर्ण भरून काढणारा खात्रीचा उपाय आज हाती नाही, ही गोष्ट या अभ्यासाने स्पष्ट केली. म्हणून प्रसूतीपूर्वी ठोक्यांवर ठेवलेले लक्ष आणि वेळेवर रुग्णालयात पोहोचणे, यांना पर्याय नाही.

चेन्नईत कुठे जावे?

नियमित तपासणीसाठी तुमच्या भागातील नागरी प्राथमिक आरोग्य केंद्रात नाव नोंदवा. प्रसूतीसाठी पुढील मोठी सरकारी रुग्णालये आहेत:

- प्रसूती व स्त्रीरोग संस्थान आणि सरकारी महिला व बाल रुग्णालय, एग्मोर. हे १८४४ मध्ये सुरू झालेले जुने रुग्णालय असून मद्रास वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले आहे.
- सरकारी आरएसआरएम प्रसूती रुग्णालय, रॉयापुरम. उत्तर चेन्नईत राहणाऱ्यांना आणि सौकारपेठेतील कुटुंबांना हे जवळ पडते.
- सरकारी कस्तुरबा गांधी महिला व बाल रुग्णालय, ट्रिप्लिकेन. जुने लोक याला गोशा हॉस्पिटल म्हणतात.

तातडीच्या वेळी रुग्णालयाची निवड करत बसू नका. १०८ ची रुग्णवाहिका जवळच्या योग्य रुग्णालयात घेऊन जाते.

कोणत्या योजनेतून काय मिळते?

*जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम (२०११ पासून).* सरकारी रुग्णालयात येणाऱ्या प्रत्येक गर्भवतीला हा लाभ मिळतो. उत्पन्नाची, जातीची किंवा अपत्यसंख्येची अट नाही. तुम्ही मूळचे कोणत्या राज्याचे आहात, याने फरक पडत नाही. मोफत मिळणाऱ्या गोष्टी: तपासण्या, औषधे, रक्त, नैसर्गिक प्रसूती किंवा सिझेरियन, नैसर्गिक प्रसूतीनंतर ३ दिवस व सिझेरियननंतर ७ दिवस जेवण, रुग्णालयात येण्यासाठी, दुसऱ्या रुग्णालयात हलवण्यासाठी आणि घरी परतण्यासाठी वाहन. आजारी बाळाला एक वर्षापर्यंत मोफत उपचार मिळतात.

*प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान (२०१६ पासून).* चौथ्या महिन्यापासून पुढच्या गर्भवतींची दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रात डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. धोक्याची गर्भावस्था येथेच ओळखली जाते.

*लक्ष्य (२०१७ पासून).* सरकारी रुग्णालयांतील प्रसूतिगृह आणि प्रसूती शस्त्रक्रियागृह यांचा दर्जा सुधारण्याचा हा कार्यक्रम आहे. ठोक्यांची नोंद ठेवणे, प्रसूतीच्या वेळी सोबतीला एक स्त्री असू देणे आणि सन्मानाची वागणूक देणे या गोष्टी त्यात येतात.

*डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी मातृत्व लाभ योजना.* तमिळनाडू शासनाची ही योजना १९ वर्षे पूर्ण झालेल्या, गरीब कुटुंबातील गर्भवतींना पहिल्या दोन प्रसूतींसाठी लागू आहे. एकूण लाभ १८,००० रुपयांचा आहे. त्यात १४,००० रुपये हप्त्यांनी बँक खात्यात जमा होतात आणि ४,००० रुपयांचे पोषण संच दिले जातात. बाहेरून आलेल्या कुटुंबांनी पात्रता व कागदपत्रांबाबत आरोग्य केंद्रातील परिचारिकेकडे नाव नोंदवतानाच विचारावे.

*जननी सुरक्षा योजना.* दारिद्र्यरेषेखालील तसेच अनुसूचित जाती-जमातींतील महिलांना संस्थेत प्रसूती झाल्यावर तमिळनाडूच्या शहरी भागात ६०० रुपये आणि ग्रामीण भागात ७०० रुपये मिळतात.

नोंदणी आणि कागदपत्रे

तमिळनाडूत प्रत्येक गर्भवतीची पिकमी या प्रणालीत नोंद होते आणि तिला १२ अंकी आरसीएच क्रमांक मिळतो. योजनांसाठी आणि बाळाच्या जन्म नोंदणीसाठीही हा क्रमांक लागतो. नोंदणी पहिल्या तीन महिन्यांतच करा. जवळ ठेवा:

- आधार कार्ड
- आईच्या नावाचे बँक पासबुक
- सध्याच्या पत्त्याचा पुरावा, असल्यास शिधापत्रिका
- माता व बाल संरक्षण कार्ड
- सोनोग्राफी, रक्त तपासणी व रक्तगटाचे अहवाल

कागदपत्रे अपुरी असली तरी प्रसूतीसाठी आलेल्या महिलेला दाखल करून घेतले जाते. कागदांसाठी घरी थांबू नका.

माहेरी बाळंतपण करणार असाल तर

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपल्याकडे पद्धत आहे. चेन्नईहून गावी जाणार असाल तर पुढील गोष्टी करा:

- शेवटच्या आठवड्यांत लांबचा प्रवास टाळा. कधी निघावे, हे डॉक्टरांना विचारा.
- आरसीएच क्रमांक, माता व बाल संरक्षण कार्ड आणि सर्व अहवाल सोबत न्या.
- सीटीजीचा आलेख असेल तर मोबाईलवर त्याचा फोटो काढून ठेवा. या कागदावरची छपाई काही काळाने फिकट होते.
- गावी पोहोचल्यावर लगेच आशाताईंकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात नाव कळवा.
- रात्री-अपरात्री सिझेरियन होऊ शकेल असे जवळचे रुग्णालय कोणते, हे आधीच विचारून ठेवा. महाराष्ट्रातही १०८ आणि १०२ हे क्रमांक चालतात.

घरी कसे लक्ष ठेवावे?

सातव्या महिन्यानंतर रोज ठराविक वेळी, शक्यतो जेवणानंतर, डाव्या कुशीवर पडून बाळाच्या हालचाली मोजा. दोन तासांत १० हालचाली जाणवायला हव्यात.

पुढीलपैकी काहीही झाले तर लगेच निघा:

- हालचाल कमी होणे किंवा थांबणे
- पाणमोट फुटणे, विशेषतः पाणी हिरवट किंवा पिवळसर असणे
- अंगावरून रक्त जाणे
- पोट सतत कडक राहणे व थांबून न थांबता दुखणे
- डोके खूप दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, झटके येणे
- नाळ बाहेर आल्यासारखे वाटणे. अशा वेळी गुडघ्यांवर ओणवे व्हा, कंबर वर ठेवा, नाळ आत ढकलू नका आणि १०८ ला फोन करा.

रुग्णालयात उपयोगी पडणारी तमिळ वाक्ये

- बाळ हलत नाही: कुळंदै असैयविल्लै.
- पाणमोट फुटली: पनिक्कुडम उडैंजिडुच्चु.
- रक्त जात आहे: रत्तम पोगुदु.
- बाळाचे ठोके कसे आहेत?: कुळंदैयोड इदयत्तुडिप्पु एप्पडि इरुक्कु?

ही वाक्ये मोबाईलमध्ये ठेवा आणि सोबत येणाऱ्या व्यक्तीलाही शिकवा.

बाळाला त्रास झालाच तर

जन्मतः बाळ रडले नाही, निळसर पडले, झटके आले किंवा दूध ओढत नसेल तर त्याला नवजात अतिदक्षता विभागात ठेवले जाते. घरी सोडताना डिस्चार्ज कार्ड नीट तपासून घ्या. जन्मावेळी काय झाले आणि पुढची तपासणी कधी आहे, हे त्यावर लिहिलेले असावे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात अशा बाळांची वाढ, ऐकणे, दृष्टी आणि हालचाल मोफत तपासली जाते. बाळ ठीक दिसत असले तरी या तारखा चुकवू नका. उशीर लवकर ओळखला तर व्यायाम आणि उपचार यांचा उपयोग जास्त होतो. पुढे सेरेब्रल पाल्सीचे निदान झाले तर दिव्यांग ओळखपत्र आणि नॅशनल ट्रस्टची ‘निरामय’ आरोग्य विमा योजना यांसाठी अर्ज करता येतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*ठोके तपासण्याचे पैसे मागितले तर?* सरकारी रुग्णालयात पैसे देऊ नका. रुग्णालयाच्या अधीक्षकांकडे किंवा १०४ या आरोग्य हेल्पलाइनवर तक्रार करा.

*नाळ गळ्याभोवती आहे, असे सोनोग्राफीत आले. सिझेरियन करावेच लागेल का?* नाही. अशी अनेक बाळे नैसर्गिक प्रसूतीने सुखरूप जन्मतात. कळांच्या वेळी ठोक्यांवर लक्ष ठेवले जाते.

*घरी डॉपलर यंत्र किंवा मोबाईल ॲप वापरावे का?* त्यावर विसंबू नका. आईची नाडी किंवा वारेतला आवाजही बाळाचा वाटू शकतो. हालचाल कमी असेल तर यंत्रात ठोके ऐकू आले तरी रुग्णालयात जा.

*एनएसटी नीट आली नाही, असे सांगितले. बाळ धोक्यात आहे का?* लगेच तसे म्हणता येत नाही. बाळ झोपले असेल तर तपासणी जास्त वेळ करतात किंवा सोनोग्राफी करतात. डॉक्टरांनी थांबायला सांगितले तर घरी परतू नका.

*ठोके कसे आहेत, हे विचारले तर चालेल का?* हो. ती माहिती मागणे हा आईचा हक्क आहे.

महत्त्वाचे क्रमांक

- १०८: तातडीची रुग्णवाहिका
- १०२: माता व बाळासाठी मोफत वाहन
- १०४: आरोग्य सल्ला व तक्रार

ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. योजनांच्या रकमा व अटी शासन निर्णयानुसार बदलू शकतात, म्हणून अर्ज करण्यापूर्वी आरोग्य केंद्रात खात्री करून घ्या. शंका असेल तेव्हा घरी थांबून अंदाज बांधण्यापेक्षा रुग्णालयात जाऊन ठोके तपासून घ्या. सर्व ठीक निघाले आणि परत पाठवले, तरी ती फेरी वाया गेली असे मानू नका.